डबी बंद झाली, पण कारण कुणी सांगायचे?

चतुर्थी, दिवाळी, नाताळ आणि एकतीस डिसेंबर ही माळ संपली की गोव्यातल्या फार्मसींत एक वेगळा हंगाम सुरू होतो. 'लिव्हर क्लीन्स', 'एकवीस दिवसांचा डिटॉक्स' अशा नावांच्या डब्या काउंटरवर पुढे येतात. वर्षभराचे शाकुती, बेबिंका आणि फेणीचे हिशेब जणू तीन आठवड्यांत चुकते होणार. हे खरेच काम करते का, असे गिऱ्हाईक क्वचितच विचारते. त्याचा प्रश्न वेगळा असतो: गेल्या वर्षी नेत होतो ती डबी कुठे गेली? आणि त्यावर म्हापशापासून मडगावपर्यंत ऐकू येणारे उत्तर म्हणजे, "तें आतां येना. हें व्हरात, तेंच आसा."

या उत्तरात दोन दावे आहेत. जुने उत्पादन बंद झाले हा एक, आणि नवे त्याच्यासारखेच आहे हा दुसरा. पहिल्याचे कारण फार्मसीवाल्यालाही ठाऊक नसते. दुसऱ्याला आधार असतो तो वितरकाच्या माणसाने सांगितलेल्या चार वाक्यांचा. डिटॉक्सच्या बाजाराला लगाम घालण्याची चर्चा निघाली की आपण लगेच जाहिरातींकडे वळतो, नट-नट्यांना नावे ठेवतो. ते चुकीचे नाही. पण माझ्या मते सुरुवात या काउंटरवरच्या उत्तरापासून व्हायला हवी. उत्पादन थांबवणाऱ्याने ते का थांबवले हे जाहीर करावे, आणि जुन्या नावाखाली नवे मिश्रण विकणाऱ्याने काय बदलले ते डबीच्या तोंडावर छापावे. आज यांतले काहीच गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही.

अत्यावश्यक औषधांच्या बाबतीत आपण इतके बेफिकीर नाही. ज्यांच्या किमतीवर सरकारने कमाल मर्यादा घातली आहे, अशा औषधाचे उत्पादन थांबवायचे असेल तर २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार निर्मात्याला किमान सहा महिने आधी जाहीर नोटीस काढावी लागते आणि सरकारला कळवावे लागते. लोकहितासाठी गरज वाटली तर आणखी वर्षभरापर्यंत उत्पादन चालू ठेव, असेही सरकार त्याला सांगू शकते. हा नियम तुटवडा होऊ नये म्हणून केलेला आहे हे मान्य. पण त्यामागचे तत्त्व साधे आहे: लोक ज्या गोष्टीवर विसंबून आहेत ती रातोरात गायब करता येणार नाही. आता कुणी म्हणेल, डिटॉक्सच्या गोळ्या गायब झाल्या तर बिघडले कुठे? उलट बरेच झाले! बिघडते ते गायब होण्याने नाही, त्यांच्या जागी जे येते त्याने.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. 'ऑक्सिएलिट प्रो' या नावाचे वजन उतरवण्याचे पूरक (सप्लिमेंट) तिथे जोरात खपत होते. त्यात डीएमएए नावाचे उत्तेजक द्रव्य होते. हृदयावर आणि रक्तदाबावर त्याचा परिणाम होत असल्याने तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने २०१२ मध्ये कंपन्यांना इशारे दिले. मग ते द्रव्य काढून त्याच नावाचे नवे मिश्रण बाजारात आले आणि त्यात 'एजेलिन' घातले गेले. एजेलिन हा मूळचा बेलाच्या झाडातला घटक. डबीत होता तो कारखान्यात बनवलेला. २०१३ मध्ये हवाई बेटांवर धडधाकट माणसांना कावीळ होऊ लागली. अमेरिकी यंत्रणांनी पुढे या उत्पादनाशी जोडलेल्या रुग्णांचा आकडा ९७ वर गेला. त्यांतल्या ४७ जणांना इस्पितळात ठेवावे लागले, तिघांचे यकृत बदलावे लागले, एक जण दगावला. बंद पडलेल्या घटकाला शोधलेला पर्याय मूळ घटकाइतकाच, कदाचित जास्तच, धोक्याचा निघाला. वर नाव तेच असल्यामुळे आपण काही नवे घेतो आहोत याची घेणाऱ्यांना शंकाही येण्याचे कारण नव्हते. बेलाचे झाड शंकराला प्रिय म्हणून त्याचा गोळीतला अर्क निरुपद्रवी, असा हिशेब हवाईत कुणी केला नसेल. आपल्याकडे मात्र अगदी सहज केला जातो.

आपल्या देशात ही अदलाबदल आणखी सोपी आहे, कारण इथे दोन खिडक्या आहेत. एक अन्नाची. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली २०१६ मध्ये पूरक आहाराचे नियम झाले. ठरवून दिलेल्या यादीतले घटक ठरलेल्या प्रमाणात असतील तर त्या उत्पादनाला वेगळी पूर्वमंजुरी लागत नाही, परवाना पुरतो. मात्र 'औषधी उपयोगासाठी नाही' असे डबीवर छापावे लागते. दुसरी खिडकी आयुषची. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेता येतो, आणि ग्रंथोक्त पाठाने बनवलेल्या औषधाला सुरक्षिततेची वेगळी चाचणी सादर करावी लागत नाही. त्रिफळा, गुळवेल, हळद ही दोन्ही खिडक्यांवर चालणारी नाणी आहेत. एका खिडकीवर औषधाचे दावे करता येत नाहीत, दुसरीवर करता येतात. तेव्हा एखादी डबी 'बंद' होते आणि तिच्याच रंगसंगतीतली दुसरी काही महिन्यांनी वेगळ्या परवाना क्रमांकासह उगवते, तेव्हा मधल्या काळात काय घडले हे विचारण्याची सोय कुणाजवळ नसते. प्रयोगशाळेत नमुना नापास झाला? घटकाची मर्यादा ओलांडली होती? की नुसताच विक्री खात्याचा निर्णय? तिन्ही शक्यता गिऱ्हाइकाला सारख्याच दिसतात.

जाहिरातींवरच्या नियंत्रणाचा इतिहासही काही भरवसा देत नाही. आयुष औषधांच्या जाहिरातींना राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची आधी मंजुरी हवी, असे सांगणारा 'नियम १७०' डिसेंबर २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरणच बंद झाल्यावर नियम गेला तो गेलाच. १९५४ चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा अजून आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे. 'शरीरात साचलेली घाण' मात्र नाही, कारण तो आजारच नव्हे. डिटॉक्स विकणारा कुठल्याच आजाराचे नाव घेत नाही, म्हणून तो या कायद्याच्या हातून मासळीसारखा निसटतो.

आता जिच्यासाठी पर्याय शोधायचा, त्या गरजेकडेही एकदा पाहायला हवे. निरोगी माणसाचे मूत्रपिंड दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळून काढते आणि त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत पाठवते. औषधे, दारू, शरीरातच तयार होणारा अमोनिया यांची विल्हेवाट यकृत लावते. हे काम थांबले तर चेहऱ्यावर 'निस्तेजपणा' येत नाही; माणूस अतिदक्षता विभागात जातो. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या तरुण शास्त्रज्ञांच्या एका गटाने १५ डिटॉक्स उत्पादनांच्या निर्मात्यांना गाठून साधे प्रश्न विचारले: नेमके कोणते विष बाहेर पडते, आणि पुरावा काय? समाधानकारक उत्तर एकाकडूनही आले नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी उपलब्ध अभ्यास धुंडाळले, तेव्हा बाजारातल्या डिटॉक्स आहारांची नीट आखलेली एकही तुलनात्मक चाचणी त्यांना सापडली नाही.

"पण मला फरक जाणवतो हो," हे मी अनेकांकडून ऐकले आहे, आणि ते खोटे बोलत नाहीत. बऱ्याच डिटॉक्स चहांत सोनामुखी असते. सोनामुखी हे आपल्या आजीबाईंना ठाऊक असलेले जालीम रेचक आहे. पोट झडझडून साफ होते, वजनकाटा थोडा खाली येतो, हलके वाटते. खाली येते ते पाणी आणि मळ. चरबी नव्हे, विष तर नव्हेच. आता हे उत्पादन बंद झाले की काय होते? रिकामे झालेले आतडे पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर शौचाला होत नाही. माणसाला वाटते, घाण पुन्हा साचू लागली. तो फार्मसीत धावतो आणि पर्याय मागतो. बंद झालेल्या डबीची उणीव भासते ती अशी, आणि बहुतेक वेळा ती डबीनेच निर्माण केलेली असते. असे रेचक महिनोन्महिने घेतले तर शरीरातले पोटॅशियम घटते. रक्तदाबासाठी लघवीचे औषध घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाला ते महागात पडू शकते.

डिटॉक्सला नेमका वैद्यकीय अर्थ असलेली एक जागा गोव्यात आहे, तीही बांबोळीला. मनोविकार आणि मानवी वर्तणूक संस्थेत दारूच्या आहारी गेलेल्याची दारू सोडवतात तेव्हा झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या असतात, थायामिन हे जीवनसत्त्व असते आणि रात्रंदिवस लक्ष ठेवणारी नर्स असते. शेजारच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पॅरासिटामॉलचा अतिरेक झालेल्याला उतारा देतात. नेमके विष, नेमका उतारा, मोजलेली मात्रा. त्या वॉर्डात 'एकवीस दिवसांचा पॅक' नसतो.

इथे एक आक्षेप ठरलेला आहे: हा आयुर्वेदावरचा हल्ला झाला. मला तो मान्य नाही. शोधनाची, म्हणजे शरीरशुद्धीची, कल्पना आयुर्वेदात आहेच. पण शिरोड्याच्या आयुर्वेद महाविद्यालयातला वैद्य पंचकर्म सुरू करण्याआधी तुमचे वय, बळ, अग्नी, ऋतू सगळे पाहतो, आणि अशक्त माणसाला विरेचन (औषधाने करवलेले जुलाब) नाकारतोही. नाकारणे हा त्या शास्त्राचा भाग आहे. डबी कुणालाच नाकारत नाही. डबीवर टीका केली की वैद्याचा अपमान झाला असे मानणे म्हणजे वैद्याचे मोल डबीएवढे करणे. शिवाय पर्यायाचा घोळ वनस्पतींच्या पातळीवरही होतो. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले आणि मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; पुढल्या वर्षी देशातल्या अनेक इस्पितळांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. आयुष मंत्रालयाने म्हटले, खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. वाद कुणी जिंकला हे क्षणभर बाजूला ठेवू. मंत्रालयाचे म्हणणे खरे मानले तर प्रश्न अधिकच गंभीर होतो: डबीत कोणती वेल आहे हे गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे? "तेंच आसा" हे काउंटरवर जितके बेभरवशाचे, तितकेच कच्चा माल गोळा होतो तिथेही.

गोव्याला हे नवीन नाही. जुलै २०१८ आठवा. मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन सापडल्याची बातमी आली, मग प्रमाण मर्यादेत असल्याचा खुलासा आला, मग अशी मर्यादा मुळात आहे तरी का यावर रणकंदन झाले. नुस्त्याशिवाय घास न उतरणारी घरे मासळी टाळू लागली. सरकारने काही काळ बाहेरची मासळी बंद केली आणि पुढे आयातदारांना अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी, इन्सुलेटेड वाहने अशा अटी घातल्या. लोकांचा विश्वास उडाला होता तो फॉर्मेलिनमुळे जितका, तितकाच दर दिवशी बदलणाऱ्या खुलाशांमुळे. तरी एक गोष्ट खरी, त्या वादातून नोंदणीची एक चौकट उभी राहिली. पत्रादेवी आणि पोळे या सीमेवरच्या नाक्यांवर मासळीची गाडी अडवता येते हे आपण शिकलो. २०२४ मध्ये म्हापसा पालिकेने कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेच्या कारणावरून गोबी मंचुरियनवर बंदी घातली, तेव्हा तर देशभर गोव्याची चर्चा झाली. जत्रेतल्या गाड्यावरचा लाल फ्लॉवर दिसतो, म्हणून पकडला जातो. कुरियरने येणारी कॅप्सूल कुठल्याच नाक्यावर थांबत नाही.

आणि इथे तिचा खप भरपूर आहे. मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात डिटॉक्सची शिबिरे हा एक धंदाच आहे. काही ठिकाणी परदेशी लेबलच्या डब्या विकायला ठेवलेल्या दिसतात. आयात केलेल्या खाद्यपदार्थावर भारतीय आयातदाराचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक असलाच पाहिजे. तो चिकटवलेला नसेल तर ती डबी कुणाच्या तरी बॅगेतून आली आहे, आणि तिच्याबद्दल तक्रार करायला समोर कुणी नाही. कॅफेत मिळणारे काळेभोर चारकोल पेयही याच माळेतले. सक्रिय कोळसा विषबाधेच्या रुग्णाला देतात, कारण तो पोटातले रसायन धरून ठेवतो. पण तो चांगले-वाईट ओळखत नाही. सकाळी घेतलेली रक्तदाबाची किंवा गर्भनिरोधक गोळीही धरून ठेवू शकतो.

मग पर्याय हवाच असेल तर? उत्पादन नाव बघून जुळवू नये, घटक आणि मात्रा बघून जुळवावे. स्वयंपाकघरातली वस्तू आणि तिचा अर्क यांची गल्लत करू नये. सोलकढी पिऊन कुणाचे यकृत बिघडल्याचे मी ऐकलेले नाही. पण भिरंडाच्या, म्हणजे सोलकढीतल्या कोकमाच्याच, कुळातल्या 'गार्सिनिया कंबोजिया'चा अर्क असलेली हायड्रॉक्सीकट ही उत्पादने अमेरिकेत यकृताच्या तक्रारींमुळे २००९ मध्ये परत मागवावी लागली, आणि तेच नाव नंतर नव्या मिश्रणासह दुकानांत परतले. ग्रीन टीचेही तसेच: चहा म्हणून कपभर प्यायलात तर चिंता नाही, पण अर्काच्या गोळ्यांतल्या ईजीसीजी या घटकावर युरोपीय संघाने २०२२ मध्ये मर्यादा घातली. दिवसाची मात्रा ८०० मिलिग्रॅमच्या आतच हवी आणि सोबत इशारा छापलेला हवा. आणखी एक, बंद झालेली डबी ऑनलाइन शोधून मागवू नये. उत्पादन थांबल्यावर जो साठा फिरतो तो जुना असतो, कधी बनावट असतो, आणि मूळ कंपनी त्याची जबाबदारी घेईलच असे नाही.

राज्याने काय करावे याबद्दल मी दिल्लीच्या भरवशावर बसणार नाही. गोव्यात अन्न आणि औषध दोन्ही एकाच संचालनालयाखाली आहेत, राज्य लहान आहे, वितरक मोजके आहेत. संचालनालयाने एक साधी जाहीर यादी ठेवावी: राज्यात विकले जाणारे कोणते पूरक थांबले, कोणत्या तारखेला, कंपनीने काय कारण दिले, त्याचा नमुना कधी नापास झाला होता का. वितरकाने माल थांबल्याचे कळवणे परवान्याच्या अटींत बसवण्याचा विचार व्हावा. कायद्यात ती जागा नसेल तर केंद्राकडे तशी मागणी करावी. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था डिसेंबर २०२२ पासून उभी आहे. वनस्पती ओळखण्याच्या कामात तिची मदत घ्यायला काय हरकत आहे? दुष्परिणाम नोंदवण्याची वाटही सरळ करायला हवी. आज औषधांची एक व्यवस्था आहे, आयुषची दुसरी, आणि पूरक आहाराची तक्रार शिळ्या पावाच्या तक्रारीच्या रांगेत जाते. फ्रान्समध्ये पूरकांच्या दुष्परिणामांसाठी वेगळी नोंद-व्यवस्था २००९ पासून आहे आणि डॉक्टर तिथे थेट कळवतात.

भिरंड, शेवग्याचा पाला, हळद यांची पावडर करून विकणाऱ्या बचतगटांच्या बायकांवर याचा बोजा पडेल, ही भीती मला गंभीरपणे घ्यावीशी वाटते. म्हणून मी नवा परवाना मागत नाही, नवी चाचणी मागत नाही. उत्पादन थांबवताना दोन ओळी लिहून देणे एवढेच मागतो, आणि फोंड्यातल्या बचतगटाला त्या दोन ओळी लिहिणे मोठ्या कंपनीपेक्षा सोपे जाईल. "आंबे यंदा कमी आले म्हणून आंबोशी थांबवली" हे लिहायला कसली अडचण? अडचण येते ती लपवण्यासारखे काही असेल तिथे. कंपन्या म्हणतील, कारण हे व्यापारी गुपित आहे. मिश्रणाचे प्रमाण गुपित असू शकते. नमुना नापास झाला हे गुपित असू शकत नाही. विक्री कमी झाली म्हणून थांबवले असेल तर तसे सांगितल्याने कंपनीची थोडी नामुष्की होईल, एवढेच. तेवढी नामुष्की सोसायला तिला सांगणे हे सरकारचे काम आहे.